‘भागूबाई’ या नोंदीखालचं वाक्य

३ मार्च

ठकू,

दादाला आमची आठवण शब्द अडला की येते, असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. खोटं नाही. आजही अडलाय.

समानार्थी शब्दांचा कोश एकदाचा ‘भ’वर आला आहे. हे अक्षरच भित्रं निघालं. भय, भीती, भीरू, भित्रा, भ्याड, भेकड, आणि या सगळ्यांच्या पाठीमागे पदर तोंडावर घेऊन उभी असलेली भागूबाई. आमच्या लहानपणी हा शब्द घरोघर होता. आता ऑफिसातल्या नव्या मुलींना विचारलं तर त्या म्हणतात, ‘कोण या?’

आमच्या मुख्य संपादकांचा नियम तुला ठाऊक आहे. (त्यांना आम्ही मागून ‘पूर्णविराम’ म्हणतो, कारण ते बोलले की वाद संपतो.) नियम असा, की प्रत्येक शब्दाखाली दोन वाक्यं हवीत, एक छापील आणि एक बोलतं. छापील वाक्यांना तोटा नाही. जुन्या कादंबऱ्या आणि नाटकं या शब्दाने भरलेली आहेत. गंमत अशी, की पुस्तकातला एकही भागूबाई शेवटपर्यंत भागूबाई राहत नाही. दुसऱ्या अंकात त्याला कोणीतरी तसं म्हणतं आणि पाचव्या अंकात तो तलवार उपसतो. एक तर पराक्रम गाजवतो, नाहीतर मरतो. जिवंत आणि तसाच भित्रा राहिलेला मला अजून एकही सापडलेला नाही.

शेजारपाजारचे शब्दही वेगवेगळे करून ठेवावे लागतात. भित्र्याची भीती त्याची त्यालाच पुरते. भ्याडाची दुसऱ्याला महाग पडते. कचखाऊ ऐनवेळी मागे सरतो, पळपुटा तर दिसतच नाही, आणि नेभळटाच्या अंगात भिण्याइतकाही दम नसतो. मग भागूबाई वेगळी कशी? मला वाटतं, हा शब्द तोंडावर म्हणायचा आहे, आणि तोही घरच्या माणसाने. पण त्याला पुरावा हवा. तुमच्याकडे अजून कोणी हा शब्द वापरत असेल तर जसंच्या तसं वाक्य पाठव.

विरुद्धार्थी शब्दाची अडचण नाही. तिथे जावईबापूंचा फोटो लावू. रोज सकाळी एकट्याने पाळण्यात बसून दरीवरून वरच्या वस्तीपर्यंत जायचं, परत यायचं, घंटा वाजवायची आणि मगच बाकीच्यांनी बसायचं, हा तुमच्या रोपवेचा नियम मी ऑफिसात सांगितला तर कोणाचा विश्वास बसेना. जावईबापूंना म्हणावं, पहिल्या फेरीला मफलर बांधत जा.

दादा

१० मार्च

दादा,

फोटो लावायची घाई करू नकोस. रोपवे आठवडाभर बंद आहे आणि तो ह्यांच्यामुळे बंद आहे.

गेल्या मंगळवारी हे नेहमीसारखे पहिल्या फेरीला गेले. परत आले, पण घंटेला हात लावला नाही. तिसऱ्या खांबावरून जाताना गुडघ्यांना काहीतरी लागलं म्हणाले. काय, ते सांगता येईना. ‘जिना संपलेला असतो आणि आपण आणखी एक पायरी उतरायला जातो, तसं.’ मॅनेजरने बाहेरून माणसं बोलावली. ती खांबांवर चढली, दोराला यंत्रं लावली, चाकं उघडून बघितली. काही निघालं नाही. मग माणसाच्या वजनाची पोती भरून पाळणा सोडला. पोती गेली, पोती आली. आता बसा, म्हणाले सगळे. हे पाळण्याच्या दारापर्यंत गेले आणि मागे फिरले. ‘पोत्यांना गुडघे नसतात,’ एवढंच म्हणाले.

तपासनिसाची घंटा झाल्याशिवाय तिकीटखिडकी उघडत नाही. दुसरा तपासनीस कंपनीकडे नाही. म्हणजे हे बसेपर्यंत वरची वस्ती वर आणि आम्ही खाली. वरच्या दुकानांत माल जात नाही. आमचा मोठा दवाखाना वर आहे. आम्हा खाली राहणाऱ्या नर्सना सध्या खालच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात बसवलंय, आणि वरचे ज्यांना खाली यायचं ते पायवाटेने येतात. ती वाट तू बघितली आहेस. शेळ्याही विचार करून उतरतात.

तुला शब्द हवेत ना? इथे सध्या पीक आलंय. किराणावाला ह्यांच्या हातात पिशवी देताना म्हणतो, ‘सांभाळून हं साहेब, दोर तुटेल.’ न्हावी विचारतो, ‘वस्तरा लावू ना? की कात्रीवरच भागवू?’ हे हसतात. मला हसू येत नाही. भित्रा, डरपोक, शेपूटघालू सगळं ऐकून झालं. भागूबाईही ऐकलं. आमच्या समोर एक रंगारी राहतो, त्याला अलीकडे शिडीची भीती बसली आहे. त्याची बायको परवा त्याला म्हणाली, ते जसंच्या तसं लिहिते:

‘भागूबाईसारखं घरात बसून भाजी निवडण्यापेक्षा एकदा जा आणि पडा, निदान लोकांची तोंडं तरी बंद होतील.’

चालेल का तुझ्या कोशाला?

हे बरे आहेत. जेवतात. झोपेत पाय झाडतात.

ठकू

१६ मार्च

ठकू,

तुझं पत्र मी आधी भावाने वाचावं तसं वाचलं आणि काळजीत पडलो. मग दुसऱ्यांदा कोशवाल्यासारखं वाचलं, आणि तुझी माफी मागून सांगतो, त्या वाक्याने मी खुर्चीतून उठलो.

‘जा आणि पडा.’ आमच्या चिठ्ठ्यांच्या पेट्यांत पन्नासेक पुस्तकांतली वाक्यं आहेत, पण एकातही हे नाही. पुस्तकातली बायको नवऱ्याला म्हणते, ‘जिंकून या.’ ही म्हणते, ‘पडा.’ तिला त्याचं जिंकणं नकोच आहे, तिला फक्त खिडकीतून ऐकू येणारं बोलणं थांबायला हवं आहे. आणि ती भाजी! पूर्णविरामांना वाचून दाखवलं तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. असं ते वर्षातून एकदा करतात. म्हणाले, ‘या बाईवरून शंभर पुस्तकं ओवाळून टाकावीत.’

साप्ताहिकातल्या माझ्या सदरात या वेळी ‘भागूबाई’च घेतोय. सगळे समानार्थी शब्द, जुन्या नाटकांतला वापर, आणि शेवटी हे वाक्य. मजकूर कालच छापखान्यात दिला, कारण त्यांना तो सोमवारच्या आत लागतो. नाव कोणाचंच नाही. ‘एका गृहिणीच्या बोलण्यातून’ एवढंच.

जावईबापूंबद्दल काय लिहू? यंत्रांनी बघितलं, माणसांनी बघितलं, पोती जाऊन आली. मी दूर बसलेला माणूस, मला दोरातलं काही कळत नाही. पण इतक्या वर्षांत एखाद्या सकाळी मन कच खातं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आज ना उद्या बसतील. तू त्यांच्यामागे लकडा लावू नकोस. गरम चहा देत जा आणि विषय काढू नकोस.

ती रंगाऱ्याची बायको मूळची कुठली? जमलं तर विचार.

दादा

२१ मार्च

दादा,

ते वाक्य छापू नकोस. छापखान्यातून परत घे. त्या शेजारणीला कळलं तर तिला फार वाईट वाटेल. मी तिला न विचारता लिहिलं, ती चूक माझी. काहीही कर पण काढ.

घाईत आहे. बुधवारी वरच्या वस्तीतले शाळामास्तर खाली आणले. छातीत दुखायला लागलं, वरचे डॉक्टर म्हणाले शहरात न्या, आणि रोपवे बंद. चौघांनी खुर्चीला बांधून पायवाटेने उतरवलं. पावसाची भुरभुर होती. मधल्या वळणावर एकाचा पाय सरकला, मास्तर खुर्चीसकट आडवे झाले, तिथे पुन्हा बांधाबांध. खाली पोचले तेव्हा त्यांची डावी बाजू गेली होती. शहराच्या गाडीत चढवताना डॉक्टर म्हणाले, ‘थोडं आधी आणलं असतं तर.’ खोलीत सात-आठ माणसं होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मास्तरांची बायको माझ्या हातातला टॉवेल घेत म्हणाली, ‘तुमचे घरी धडधाकट बसलेत, आमचे बघा.’

हे संध्याकाळी गाडीतळावर गेले होते. मास्तरांच्या भावाने ह्यांना गाडीजवळ येऊ दिलं नाही. घरी येऊन हे दारातच चपला काढून बसून राहिले. मी म्हटलं, आत या. म्हणाले, ‘येतो.’ बराच वेळ आले नाहीत.

तू लिहिलं होतंस की भ्याडाची भीती दुसऱ्याला महाग पडते. ते ह्यांनी वाचलं नाही. पत्र मी पिठाच्या डब्यात ठेवलं आहे.

मॅनेजर रोज येतो. आवाज चढवत नाही, ते जास्त वाईट. म्हणतो, ‘साहेब, तुम्ही सांगा काय बिघडलंय, मी दुरुस्त करतो. नाही सांगता येत, तर बसा.’ हे त्याच्यापुढे चहा ठेवतात.

ते वाक्य काढ.

ठकू

२४ मार्च

ठकू,

तुझं पत्र आणि साप्ताहिकाचा अंक एकाच दिवशी माझ्या टेबलावर आले. फार उशीर झाला. अंक आता सगळीकडे गेला असेल, तुमच्याकडेही.

तू उगाच घाबरते आहेस. ना गाव, ना नाव, ना रंगारी, ना शिडी. हजार घरांत हजार बायका असं बोलत असतील. तुझ्या शेजारणीने वाचलं तरी तिला वाटेल, अरे, आपल्यासारखीच आणखी कोणी आहे.

मास्तरांचं वाचून दिवसभर काम सुचलं नाही. माझ्या त्या व्याख्या मी टेबलाशी बसून लिहिल्या होत्या, घोटीव झाल्या म्हणून खूशही होतो. तू त्या पिठाच्या डब्यात ठेवल्यास ते बरं केलंस.

तू एवढी का घाबरलीस, हे मात्र मला कळलेलं नाही. काही लपवते आहेस का?

दादा

२७ मार्च

दादा,

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ठकूशी लग्न झाल्यावर हे पहिलंच. अक्षर लागलं नाही तर माफ करा.

न्हाव्याच्या दुकानात साप्ताहिक पडलेलं होतं. पाळी यायला वेळ होता म्हणून चाळलं. तुमचं सदर मी नेहमी वाचतो. शब्द वाचला तेव्हा हसलो. म्हटलं, दादांनी बरा मुहूर्त साधला. मग शेवटचं वाक्य वाचलं.

ते वाक्य कोणा अनोळखी गृहिणीचं नाही. ते माझ्या स्वयंपाकघरात बोललं गेलं, ७ तारखेला, दुपारी. ती होती, मी होतो, तिसरं कोणी नव्हतं. आणि भाजी होती. मी खरंच निवडत होतो. रोपवे बंद असल्यावर दिवसा माणसाने करायचं तरी काय?

तिच्यावर रागावू नका. तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हाला माहीत नसणार. वाक्य चांगलं आहे. ती बोलली तेव्हा मला ते नीट ऐकूही आलं नव्हतं, कारण ती बोलून लगेच रडायला लागली आणि मी पाणी आणायला उठलो. छापलेलं मात्र नीट दिसलं. दोनदा वाचलं. न्हावी म्हणाला, ‘काय साहेब, ताजी बातमी?’ मी म्हटलं, ‘नाही, शिळीच आहे.’

तुमच्या लेखी मी शूर होतो, म्हणून एक सांगतो. मी शूर होतो म्हणून रोज सकाळी बसत नव्हतो. आमच्या जुन्या तपासनिसांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की पहिल्या फेरीत माणूस बसवतात तो भिण्यासाठी. सगळ्यांच्या वाटचं एकट्याने भिऊन यायचं, काही लागलं नाही तर घंटा वाजवायची, म्हणजे मागून येणाऱ्यांनी गप्पा मारत जावं. मी तेच करत आलो. त्या मंगळवारी लागलं. यंत्राला लागलं नाही, मला लागलं. कदाचित यंत्राचं बरोबर असेल. मी वयाने थकलो असेन, डोक्यात काही झालं असेल. रोज स्वतःला विचारतो. उत्तर बदलत नाही, पण उत्तर म्हणजे पुरावा नाही.

मास्तर तसे झाले. आता तिचं हे. एवढं सगळं एका बाजूला आणि माझे दोन गुडघे एका बाजूला. सोमवारी सकाळी मी बसणार आहे. मॅनेजरला सांगितलं आहे. काही झालं नाही तर घंटा वाजवीन आणि सगळं पूर्वीसारखं होईल. झालं तर निदान पाळण्यात मी एकटाच असेन. तो नियम चांगला आहे.

मी वाचलं, हे तिला कळू देऊ नका. आणि गरज पडली तर तिला तुमच्याकडे न्या. ती नको म्हणेल. ऐकू नका.

२९ मार्च, रविवार

ठकू,

तार केली आहे. तारघरातला माणूस म्हणतो आज संध्याकाळपर्यंत पोचेल, पण तुमच्याकडच्या तारवाल्याचा भरवसा देत नाही. हे पत्र मिळेल तेव्हा सोमवार उलटून गेलेला असेल, तरीही लिहितोय, कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

त्यांनी वाचलं आहे. ते वाक्य तुझं आहे, हे मला त्यांच्या पत्रातून कळलं. ते उद्या बसणार आहेत. दोर चांगला आहे असं त्यांना वाटत नाही. तरीही बसणार आहेत.

तू बोललीस ते स्वयंपाकघरातच जिरलं असतं. मी ते उचललं, पुसून लखलखीत केलं आणि न्हाव्याच्या दुकानात नेऊन ठेवलं.

जा ठकू. त्यांना सांग की वाक्य तुझं असलं तरी आता तुला ते नको आहे. काय वाटेल ते सांग. खोटं सांगावं लागलं तर खोटं सांग. मी रात्रीच्या गाडीने निघणार होतो, पण घाटात दरड कोसळल्याने गाड्या थांबल्या आहेत.

तार मिळाल्याबरोबर उलट तार कर. दोन शब्द पुरतील. एक पुरेल.

दादा

९ एप्रिल

दादा,

‘घरी आहेत’ एवढी तार मी केली होती, ती मिळाली असेल. बाकीचं आता लिहिते. इतके दिवस हातात पेन धरवत नव्हतं.

तुझी तार रविवारी आली नाही. सोमवारी सकाळी आली, हे घराबाहेर पडल्यावर. मी दूध तापवत होते. गॅस बंद केला की नाही आठवत नाही. धावत सुटले. पायात घरातल्या चपला.

फलाटावर ही गर्दी. वरच्या वस्तीतलेही रात्रीच पायवाटेने उतरून आले होते, बघायला. कोणीतरी बाक आणून ठेवला होता, बायकांना बसायला. हे पाळण्यात बसलेले. दाराला कडी. ऑपरेटर हँडलवर हात ठेवून ह्यांच्याकडे बघत होता. ह्यांनी हात वर केला की पाळणा सुटतो. हे हात वर करत नव्हते.

मी गर्दीतून पुढे घुसले. मला तिथे पोचून ओरडायचं होतं, उतरा म्हणायचं होतं. पण काचेतून ह्यांचा चेहरा दिसला आणि मी थांबले. भिंतीला टेकून उभी राहिले. वाटलं, मी आता काही बोलले तर तेही माझंच बोलणं होईल. बसा म्हटलं तेही मीच, उतरा म्हटलं तेही मीच. ह्यांचं ह्यांना काय उरणार?

ह्यांनी मला बघितलं नव्हतं. ते खाली, आपल्या गुडघ्यांकडे बघत होते.

मग कडी वाजली. दार उघडलं आणि हे बाहेर आले. मॅनेजरसमोर उभे राहिले. इतक्या वर्षांत मी ह्यांचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. म्हणाले, ‘मला भीती वाटते. मी पहिली फेरी करणार नाही. आणि दुसरा कोणी करायला निघाला तर त्यालाही मी सांगेन, करू नको.’

दादा, कोणी टाळी वाजवली नाही की कोणी गप्पही झालं नाही. मागून आवाज आला, ‘भागूबाई!’ लोक हसले. मग आणखी दोघे-तिघे म्हणाले. माझाच शब्द, पण दुसऱ्याच्या तोंडून. तू लिहिलं होतंस, हा शब्द घरच्या माणसाने म्हणायचा आहे. बाहेरच्यानेही म्हणता येतो. चांगला लागतो.

हे गर्दीतून चालत निघाले. मी दिसले तेव्हा थांबले. ‘तू कशाला आलीस? दूध उतू जाईल.’ मी तार दाखवली. त्यांनी वाचली, घडी करून माझ्याच हातात दिली. म्हणाले, ‘तुझ्यासाठी बसणार होतो. मग वाटलं, बसलो तर जन्मभर तुझ्या नावावर राहील. चांगलं झालं तरी आणि वाईट झालं तरी.’ मी त्यांच्या बाहीला धरून राहिले.

तेवढ्यात जुने तपासनीस आले. ह्यांना ज्यांनी शिकवलं, ते. काठी टेकत. मॅनेजरने त्यांना आधीच निरोप धाडला होता, हे तेव्हा कळलं. ह्यांनी त्यांचा हात धरला, ‘काका, नका’ म्हणाले. काकांनी हात सोडवून घेतला. ‘अरे, मला राहिलंय काय? बघून तरी येतो.’ आणि बसले. हात वर केला.

पाळणा गेला. हे कठड्यापाशी उभे राहून बघत होते. पहिला खांब, दुसरा खांब. तिसऱ्यावर तो जरासा हलला, पण तो नेहमीच हलतो. मग वर ठिपका झाला. मग परत आला. काका उतरले, घंटेपर्यंत गेले आणि वाजवली. लोकांनी काय गलका केला म्हणून सांगू! तिकीटखिडकी तिथल्या तिथे उघडली.

काका आमच्याजवळ आले. ह्यांनी विचारलं, ‘तिसऱ्यावर?’ काकांनी मागे कोणी ऐकत नाही ना ते बघितलं. हळू आवाजात म्हणाले, ‘मला काही लागलं नाही. पण खरं सांगू, या गुडघ्यांना आता घरातला उंबराही लागत नाही.’

‘मग घंटा का वाजवली?’

‘दोर ठीक असेल रे. इतक्या जणांनी बघितलाय.’ आणि तुझ्या नवऱ्याला सांभाळ, असं मला सांगून गेले.

तेव्हापासून रोपवे चालू आहे. रोज सकाळी काका बसतात, घंटा वाजवतात. काहीही झालेलं नाही. तुला हे सरळ लिहिते, कारण पत्र उघडताना तू भलतंच धरून बसला असशील. दोर तुटला नाही, पाळणा अडकला नाही. कदाचित कधीच काही होणार नाही आणि हे चुकलेलेच ठरतील. मास्तरांचा डावा हात अजून उचलत नाही. हे दर दोन दिवसांनी त्यांच्या भावाकडे विचारपूस करायला जातात. दार उघडत नाहीत. हे जातात.

कंपनीने ह्यांना तिकीटखिडकीवर बसायला सांगितलं होतं. पगार तोच. ह्यांनी नोकरी सोडली. ‘जिथे मी बसत नाही तिथली तिकिटं मी फाडणार नाही.’ मनात आलं ते गिळलं. खोटं कशाला सांगू, पुष्कळ आलं.

मधल्या पत्रात तू विचारलं आहेस, कोशातून ती नोंदच काढून टाकू का. नको. शब्द आहे तर असू दे. वाक्यही राहू दे, ते मी बोलले आहे. फक्त वाक्य कोणाचं ते तुम्ही चिठ्ठीवर लिहिता ना, तिथे शेजारीण लिहिलं असेल तर खोड आणि बायको लिही. बिचाऱ्या रंगाऱ्याला शिडीची कसलीही भीती नाही. परवाच आमच्या छपरावर चढून कौलं नीट करून गेला.

आता माझं. काल वरच्या दवाखान्यातून निरोप आला, उद्यापासून हजर व्हा. आज सकाळी मी निघाले. कामावरच्यांचा पास असतो, रांगेत उभी राहिले. हे घरी होते. ‘जपून जा’ म्हणाले, कशाने जा ते बोलले नाहीत. मीही ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं, दादा. पुढे काकांची घंटा झाली, रांग सरकली, माझा नंबर आला. रखवालदाराने दार धरलं होतं. आत दोन जागा भरल्या होत्या, न्हावी आणि त्याची आई. तो सरकून म्हणाला, ‘या की बाई, जागा आहे.’ साधंच म्हणाला. टोमणा नव्हता.

मी एक पाय आत ठेवला. मला काही लागलं नाही. मला काय लागणार? नर्सबाई मी. दोर चांगला की वाईट, मला काल कळत नव्हतं, आज कळत नाही. पण ह्यांना कळतं असं मला वाटतं की नाही, एवढंच होतं तिथे. आणि मागची बाई म्हणत होती, ‘अहो, बसा नाहीतर बाजूला व्हा.’

बाजूला झाले.

पायवाटेने वर पोचायला इतका वेळ लागला की मोठ्या सिस्टरांनी अर्धी रजा लावली. मधल्या वळणावर, मास्तर पडले तिथे, दम खायला बसले होते. डोक्यावरून पाळणा गेला. कोणीतरी वरून ओरडलं. काय ते वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही, पण अंदाज आहे. संध्याकाळी तशीच उतरले. पाय सुजलेत. घरी आल्यावर ह्यांनी माझ्या चपलांना लागलेला चिखल बघितला. गरम पाणी आणून पायांशी ठेवलं आणि समोर बसले.

उद्या सकाळची पाळी आहे, उजाडायच्या आत निघावं लागेल. हे म्हणाले, बॅटरी घेऊन येतो, पहिल्या वळणापर्यंत सोडतो.

मी म्हटलं, वरपर्यंत या.

ठकू